अंगठा आमचा, सवलत त्यांची

कायदा वाचायचा असेल तर शेवटून वाचा. पुढच्या पानांवर तत्त्वं असतात, 'प्रत्येक व्यक्ती', 'कोणताही दस्तऐवज' असली गोडगोड भाषा असते. खरा माल मागं असतो. परिशिष्टात, अनुसूचीत, 'परंतु' या शब्दाच्या पुढं. कायदा कुणाला लागू नाही, कशाला लागू नाही, ते तिथं लिहिलेलं असतं. हजारो वर्षं आपण या देशाच्या 'परंतु'मध्येच राहत आलोय. पाणी सगळ्यांचं, परंतु. देव सगळ्यांचा, परंतु. म्हणून 'परंतु'चा वास आपल्याला इतरांच्या आधी यायला पाहिजे. येत नसेल तर आपलं नाक प्रस्थापितांच्या अत्तरानं चोंदलंय असं समजा.

आज असाच एक 'परंतु' तुमच्यापुढं टाकतोय.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू. या कायद्यानं सांगितलं की जिथं कायद्याला लेखी कागद पाहिजे तिथं इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज चालेल, आणि जिथं सही पाहिजे तिथं इलेक्ट्रॉनिक सही चालेल. झालं, देश एकविसाव्या शतकात गेला! पण त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात एक यादी होती. या पाच गोष्टींना हा कायदा लागू नाही: वचनचिठ्ठी-हुंडीसारखे पैशाचे दस्तऐवज (यातला चेक २००२ साली सोडवला), कुलमुखत्यारपत्र, ट्रस्ट, मृत्युपत्र, आणि घर-जमीन विकायचा करार किंवा खरेदीखत. म्हणजे मशीनवर काहीही करा, पण या पाचांना कागदच पाहिजे, शाईच पाहिजे, जिवंत माणसाचा हात पाहिजे.

का? सरकारला कागदाचं प्रेम होतं म्हणून नाही. या पाच कागदांवर माणूस नागवला जातो म्हणून. एका सहीत जमीन जाते. एका सहीत पिढी कर्जात जाते. एका सहीत आपल्या नावानं बोलायचा हक्क दुसऱ्याच्या खिशात जातो. म्हणून इथं जरा थांबा, साक्षीदार बोलवा, वाचा, मग सही करा. कायद्यानं मुद्दाम ठेवलेला हा अडथळा होता. गाडी जोरात पळू नये म्हणून वस्तीच्या तोंडाशी गतिरोधक घालतात, तसा.

२००८ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. यादी कलमातून उचलून पहिल्या अनुसूचीत नेली आणि तिची किल्ली केंद्र सरकारच्या हातात दिली. गॅझेटात एक सूचना काढायची की यादीत भर घालता येते, यादीतून काढताही येतं. मग २०२२ साली ती सूचना निघाली. गतिरोधक उखडले. पण सगळे नाही बरं का. निवडून निवडून उखडले. ही निवड बघा म्हणजे राज्य कुणाचं आहे ते कळेल.

मागताक्षणी पैसे देईन अशी वचनचिठ्ठी आता इलेक्ट्रॉनिक चालते. कुणाच्या नावानं लिहिली तर? रिझर्व्ह बँक, नॅशनल हाउसिंग बँक, सेबी, विमा नियामक, पेन्शन नियामक यांच्या देखरेखीखालच्या संस्थेच्या नावानं. म्हणजे बँका, फायनान्स कंपन्या, विमा कंपन्या, शेअर दलाल. कुलमुखत्यारपत्रही आता इलेक्ट्रॉनिक चालतं. कुणाला दिलं तर? पुन्हा त्यांनाच. आणि जमीन-घराच्या कराराची ओळ तर यादीतून साफ पुसून टाकली. नोंदणी कायदा १९०८चा आहे, तो जागेवर आहे, खरेदीखताची नोंदणी आजही लागते, हे कबूल. पण करारावर सही घ्यायचा जो पहिला क्षण, तिथला गतिरोधक गेला.

आता उलट बाजू बघा. तू मला पाच हजार उसने दिलेस आणि मी तुला मोबाइलवर वचनचिठ्ठी लिहून दिली, तर ती आजही वचनचिठ्ठी नाही. माझी आई म्हातारी झाली, तिची पेन्शन आणायला तिनं मला मोबाइलवर कुलमुखत्यार केलं, तर ते चालत नाही. मुलानं आईसाठी कागद आणायचा, स्टॅम्प आणायचा, खेटे घालायचे. बँकेनं मात्र माझ्या आईचं कुलमुखत्यारपत्र तिच्याच झोपडीत, तिच्याच ओट्यावर बसून, दोन मिनिटांत काचेच्या पाटीवर घ्यायचं. घेणारा मोठा असला की सवलत. देणारा-घेणारा दोघंही गरीब असले की नियम. याला कायदा म्हणतात? ही जुनी वर्णव्यवस्थाच, फक्त हिला आता चार्जर लागतो!

माझ्या चुलतीचं सांगतो. मुंबईतली वस्ती, धुणीभांडी करून जगणारी बाई. बायकांच्या गटानं एका फायनान्स कंपनीकडनं कर्ज घेतलं. एजंट आला, टॅब पुढं केला, सगळ्या बायकांना ओळीनं अंगठा लावायला सांगितला. ओटीपी पोराच्या मोबाइलवर आला, कारण आधारला पोराचाच नंबर जोडलेला. पोरगं कामावर. त्याला फोन लावला, त्यानं धावत्या लोकलमधनं आकडे सांगितले, एजंटनं ते स्वतःच दाबले. सही झाली! चुलती म्हणाली, "साहेब, म्या कशावर अंगठा दिला त्ये वाचून तरी दावा." साहेब म्हणाला, "मावशी, मेलवर येईल." चुलतीला मेल म्हणजे कल्याण-कर्जतकडची गाडी माहीत. मी नंतर तो दस्तऐवज मिळवला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. त्यात वचनचिठ्ठी होती, कुलमुखत्यारपण होतं, आणि 'कर्जदारानं सर्व मजकूर वाचून समजून घेतला आहे' असंही लिहिलेलं होतं. पाटी एजंटची, बोट एजंटचं, भाषा साहेबाची. फक्त देणं चुलतीचं.

कायद्याचे पंडित म्हणतील, २०१५ पासून आधारवर आधारलेली इलेक्ट्रॉनिक सही रीतसर मान्य आहे, त्यात गैर काय? गैर सहीत नाही. सही कोण करतोय, कुणाच्या पाटीवर, कुणाच्या भाषेत, आणि 'नाही' म्हणायला त्याला जागा किती, त्यात आहे. कागदानंही कर्ज घेता येतं असं कायद्यात आहे. पण वस्तीत येणाऱ्या एजंटला सांगून बघा, मला कागदच पाहिजे. तो टॅब बंद करील आणि पुढच्या दारात जाईल. भुकेल्या माणसाला असल्या निवडीचं काय कौतुक?

कुणाला वाटेल हे आजचं दुखणं आहे. नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. त्यांनी सावकारांची डोकी फोडली नाहीत फारशी, त्यांनी सावकारांचे कागद मागितले आणि जाळले. अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसांना नेमकं कळलं होतं की गुलामीची बेडी कागदाची आहे. इंग्रज सरकार हादरलं आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात एक तरतूद होती. शेतकऱ्यानं करून दिलेला कर्जाचा दस्तऐवज गाव-निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, नाहीतर कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. परक्या, लुटारू साम्राज्यालाही कळलं की सावकार आणि कुळ यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा पाहिजे. एकशे त्रेचाळीस वर्षांनी आपल्याच सरकारनं सावकार आणि कुळ यांच्यामधला कागदसुद्धा काढून घेतला. आणि आज एखाद्याला तो जुना राग आलाच तर तो काय करील? कागद आहे कुठं? तो कुठल्या तरी गार खोलीतल्या सर्व्हरमध्ये झोपलाय. आपल्याला दिसत नाही, वाचता येत नाही, हातात धरता येत नाही. फक्त महिन्याच्या पाच तारखेला तो जागा होतो.

यावर आमच्यातलेच काही शिकलेले, नुकतेच टाय बांधायला शिकलेले बंधू म्हणतात, "म्हणजे तुम्ही कागदाची आरती ओवाळणार? कागदानंच तर आपल्याला लुटलं!" बरोबर आहे बाबांनो. कागद काय धुतल्या तांदळाचा नव्हता. महार वतन बघा. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. गावाची अख्खी वेठ माहारानं करायची आणि बदल्यात तुकडाभर जमिनीची गाजरं चघळायची, ही गुलामी त्यांना मोडायची होती. बिल तेव्हा पास झालं नाही. पुढं १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ गाव-वतनं रद्द झाली आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अंमल सुरू झाला. जमीन पुन्हा वतनदारांच्या नावावर करायची सोय झाली, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याला देता येणार नाही अशी अट आली. अट चांगली होती. पण अटीला वळसा घालणारा कागद तयारच होता: कुलमुखत्यारपत्र. विक्री करता येत नाही ना? नको करूस. फक्त 'माझ्या वतीनं सगळं करायला यांना मुखत्यार केलं आहे' एवढ्यावर अंगठा दे. खर्चायला हे थोडे पैसे घे. झाली जमीन साफ!

हा धंदा देशभर एवढा माजला की सुप्रीम कोर्टाला २०११ साली सुरज लॅम्प खटल्यात सांगावं लागलं, की कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून मालकी हस्तांतरित होत नाही. तरी थांबलं का? २०२५च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार पेपरांतून गाजला. वतनदारांच्या शेकडो वारसांच्या वतीनं पुढं उभं कोण? कुलमुखत्यारपत्र. गुन्हे नोंदले गेले, चौकशा बसल्या. त्या प्रकरणाचा न्याय कोर्ट करील, मी न्यायाधीश नाही. मला फक्त तो कागद दाखवायचाय. जो कागद आपल्या वाडवडलांच्या जमिनी गिळत आला, त्याचं तोंड आणखी रुंद करायचं की अरुंद? सरकारनं उत्तर दिलंय: कंपनी असेल तर रुंद.

म्हणून माझं भांडण कागद विरुद्ध मशीन असं नाहीच. बाबासाहेबांचा वारसा सांगणारा माणूस मशीनला भिईल कशाला? मशीन पाटलाला रामराम घालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. सातबारा मोबाइलवर आला तेव्हा तलाठ्याच्या पायरीवरचं ताटकळणं काही तरी कमी झालंच. माझं भांडण या प्रश्नाचं आहे, की नियमाला सवलत कुणासाठी आणि सवलतीला नियम कुणासाठी?

याच कायद्याचं नववं कलम वाचा. मी वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग हात शिवशिवले. ते म्हणतं, की सरकारच्या कुठल्याही मंत्रालयानं, विभागानं तुमचा दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक रूपात स्वीकारावा किंवा तुम्हाला तसा द्यावा, असा आग्रह धरायचा हक्क कुणालाही नाही. वा रे न्याय! सरकारला वाटलं तर ते म्हणणार, अर्ज ऑनलाइनच भरा, खिडकी बंद आहे. आणि आम्ही म्हणालो की ऑनलाइनच घ्या, तर ते म्हणणार, तो तुमचा हक्क नाही, नववं कलम बघा. दोन्हीकडनं दरवाजा त्यांच्याच बाजूला उघडतो.

स्कॉलरशिपच्या खिडकीवर उभी राहिलेली पोरं हे कलम न वाचताच जगतात. अर्ज पोर्टलवर भर. सर्व्हर बंद, रात्री दोनला उठून भर. मग त्याची प्रिंट काढ. जातीचा दाखला सरकारी डिजिलॉकरमध्ये आहे? असू दे, झेरॉक्स आण. झेरॉक्सवर सही-शिक्का आण. मूळ प्रत आण. एका कॉलेजच्या खिडकीवर मी कारकुनाला म्हणालो, डिजिलॉकरमधला दाखला मूळ दाखल्याच्या बरोबरीचा आहे असा केंद्राचा नियमच आहे. तो म्हणाला, "नियम तुमच्याजवळ ठेवा, फाइलीला भोक पाडायला कागद लागतो." मी हे वाक्य विसरणार नाही. या देशाचं सगळं राज्यशास्त्र त्या वाक्यात आहे. कर्ज देताना भोक पाडायला कागद लागत नाही. स्कॉलरशिप देताना लागतो.

आता जरा समुद्राच्या पलीकडं बघू. अमेरिकेनंही २०००च्या जून महिन्यात इलेक्ट्रॉनिक सह्यांचा कायदा केला. भांडवलदारांचाच देश तो, तिथं गरिबाची पूजा बांधत नाहीत. पण त्यांच्या सवलतीच्या यादीत काय काय आहे ते ऐका. मृत्युपत्र आहे, ते आपल्याकडंही आहे. पण त्याशिवाय, राहत्या घरातनं बाहेर काढायची नोटीस. राहत्या घरावर जप्ती आणायची नोटीस. पाणी, वीज तोडायची नोटीस. आरोग्य विमा बंद करायची नोटीस. 'कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक चालेल' हा त्या कायद्याचा नियम या नोटिशींना लागू नाही. शिवाय ग्राहकाला जी माहिती लेखी द्यायचं बंधन आहे ती इलेक्ट्रॉनिक द्यायची तर आधी त्याची संमती घ्या, आणि त्याला ती खरोखर उघडता येते हे दिसेल अशा रीतीनं घ्या, असं तिथं लिहिलंय. तिथंही काळ्या माणसाला घराबाहेर काढतातच, त्या देशाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण यादी लिहिताना कुणीतरी, कधीतरी, भाडेकरूचा विचार केला. छपराचा विचार केला. आपल्या ओळींत छप्पर कुठं आहे? नळ कुठं आहे? आपली यादी मालमत्तावाल्यांनी मालमत्तावाल्यांसाठी लिहिली: ट्रस्ट, हुंडी, मृत्युपत्र. ज्याच्याकडं मागं ठेवायला काही नाही त्याच्या मृत्युपत्राची काळजी करून काय उपयोग? त्याच्या झोपडीवरच्या नोटिशीची काळजी करा!

ती काळजी १३ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टानं थोडी केली. बुलडोझरच्या प्रकरणात कोर्टानं सांगितलं, की पाडण्याआधी रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस द्या, ती बांधकामावर चिकटवा, पंधरा दिवस द्या. कागद, डिंक आणि भिंत. मला आनंद झाला. मग मी पुढं वाचलं. आणि तिथं आलाच तो. 'परंतु'! रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाइनच्या कडेला, नदी-नाल्याच्या काठाला असलेल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. मित्रांनो, मला सांगा, मुंबईत आपली माणसं दुसरीकडं राहतात कुठं? मलबार हिलवर?

तेव्हा आता नुसतं चिडून भागायचं नाही. आमचं मागणं स्पष्ट आहे.

एक. पहिली अनुसूची गॅझेटच्या कोपऱ्यात गुपचूप बदलायची नाही. बदल करायचा तर संसदेत उघड चर्चा करून करा.

दोन. एकट्यादुकट्या गरीब कर्जदाराची वचनचिठ्ठी आणि कुलमुखत्यारपत्र पुन्हा यादीत घाला. मशीनवर घ्यायचंच असेल तर आधी कर्जदाराच्या भाषेत छापलेली प्रत त्याच्या हातात द्या आणि त्यानं निवडलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवा. १८७९ साली जमलं ते आज न जमायला काय झालं?

तीन. नववं कलम उलटं करा. जो विभाग आमच्याकडनं ऑनलाइन मागतो, त्यानं सरकारनंच दिलेला ऑनलाइन दाखला मुकाट्यानं घेतला पाहिजे. आणि ज्याला मशीन जमत नाही त्याचा कागदी अर्ज नाकारता कामा नये. निवड आमची, खिडकीची नाही.

चार. घरातनं काढायची, झोपडी पाडायची, वीज-पाणी तोडायची, रेशनकार्डावरनं नाव कमी करायची, स्कॉलरशिप नाकारायची प्रत्येक नोटीस यादीत घाला. मराठीत, कागदावर, हातात.

पाच. फुटपाथ आणि रेल्वेलाइनचा 'परंतु' रद्द करा. नोटीस मिळायचा हक्क जागेच्या भावावर ठरत नाही.

आणि मागणी करून घरी झोपायचं नाही. दर रविवारी विहारात, नाहीतर वस्तीच्या नाक्यावर एक टेबल टाका. दोन पोरं बसवा, एक मोबाइल, जमलं तर एक प्रिंटर. ज्या बायकांनी काचेच्या पाटीवर अंगठे दिलेत त्यांना बोलवा. त्यांचे दस्तऐवज कंपनीकडनं लेखी मागा, छापा, मराठीत वाचून दाखवा. हप्ता किती, व्याज किती, मुखत्यार कुणाला केलं, सगळं मोठ्यानं. बाजूच्या चार बायका ऐकतील. पुढच्या वेळी एजंट येईल तेव्हा त्याच्यापुढं एकटी बाई बसलेली नसेल. पाच पोरं बसलेली असतील आणि म्हणतील, "साहेब, वाचा. शेवटून वाचा."

बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं ते सही करता यावी एवढ्यासाठी नाही. कुठं सही करायची नाही, ते कळावं म्हणून.

जय भीम!